19 अंश उत्तर : पावसाच्या ग्रिडचे रूपांतर आणि परळमधून गेलेली एक सरळ रेषा

अतिवृष्टीचे पाणी मुंबईच्या बेटभागात कुठे आणि किती साचेल याचा अंदाज देणारे एक संगणकीय प्रारूप आमच्या छोट्या गटाकडे तपासणीसाठी आले, तेव्हा त्याच्या पहिल्याच नकाशात एक गोष्ट खटकली. वरळीपासून परळमार्गे शिवडीपर्यंत पाण्याच्या खोलीचे आकडे एका सरळ पूर्व-पश्चिम रेषेवर एकदम बदलत होते. त्या भागात पूर्व-पश्चिम धावणारा असा कोणताही बांध किंवा उंचवटा नाही. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मार्ग तिथे उत्तर-दक्षिण जातात आणि पर्जन्यजलवाहिन्यांची रचनाही अशा एका रेषेत थांबणारी नाही. पाणी उताराने वाहते, अक्षांशाने वाहत नाही, आणि ही रेषा मात्र 19 अंश उत्तर अक्षांशावर तंतोतंत बसली होती. प्रारूपाच्या सूत्रांत अक्षांशाला काहीच स्थान नसल्यामुळे दोष त्याला पुरवलेल्या ग्रिडमध्ये (नकाशावर समान अंतराने मांडलेल्या आकड्यांच्या तक्त्यात), म्हणजे ती बनवताना फाइलीचे स्वरूप बदलणाऱ्या कुठल्या तरी रूपांतरात असावा, एवढे आरंभीच स्पष्ट झाले. पुढचा सगळा वेळ ते रूपांतर नेमके कोणते, आणि ते इतका काळ कोणाच्या नजरेस का आले नाही, हे शोधण्यात गेला.

प्रारूपाला दोन ग्रिड लागत होत्या, आणि दोन्ही एसरी आस्की ग्रिड या साध्या मजकुराच्या स्वरूपात. पहिली जमिनीच्या उंचीची. ती एसआरटीएमच्या एचजीटी फाइलींपासून तयार केलेली होती. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने 11 दिवसांच्या उड्डाणात रडारने मोजलेल्या या उंचीच्या आकड्यांची प्रत्येक फाइल एक अंश बाय एक अंश क्षेत्राची असते. दुसरी ग्रिड पावसाची, भारतीय हवामान विभागाच्या 0.25 अंशाच्या दैनिक पर्जन्यसंचातून काढलेली. हा संच 1901 पासून उपलब्ध आहे आणि जुन्या अभ्यासांच्या संग्रहात तो बहुतेक वेळा जीआरडी या द्विमान फाइलींच्या रूपानेच सापडतो. दोन्ही रूपांतरे प्रकल्पाच्या आधीच्या टप्प्यात एका बाहेरच्या सल्लागाराने करून दिली होती. हाती फक्त तयार आस्की फाइली होत्या. त्या कशा बनवल्या याची टिपणे नव्हती.

पहिला संशय

पहिला संशय उंचीच्या ग्रिडवर गेला, आणि तो अगदी रास्त होता. एचजीटी फाइलीचे नाव तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून ठरते, त्यामुळे कुलाब्यापासून परळपर्यंतचा भाग एन18ई072 या फाइलीत येतो, तर दादर, शीव, कुर्ला आणि उपनगरे एन19ई072 मध्ये. वाशीच्या पलीकडे 73 अंश पूर्व रेखांशापासून आणखी दोन फाइली सुरू होतात. मुंबई महानगराचा अभ्यास करणाऱ्याला चार फाइलींचा सांधा टाळता येत नाही, आणि त्यातला मुख्य सांधा नेमका 19 अंशांवर, परळच्या डोक्यावरून जातो. नकाशातली रेषाही तिथेच होती.

एक सेकंद अंतराच्या एचजीटी फाइलीत 3601 ओळी आणि प्रत्येक ओळीत 3601 आकडे असतात. एका अंशात 3600 सेकंद असताना एक ओळ जास्त का, याचे उत्तर असे की कडेची ओळ दोन्ही शेजारच्या फाइलींत सारखीच दिलेली असते. उत्तरेकडच्या फाइलीची शेवटची ओळ आणि दक्षिणेकडच्या फाइलीची पहिली ओळ या दोन्ही 19.0 अंशांवरच्याच आहेत. जोडताना त्यांतली एक गाळावी लागते. ती न गाळता फाइली एकाखाली एक ठेवल्या, तर 7201 ऐवजी 7202 ओळी होतात आणि सांध्याच्या खालचा सगळा भाग एका ओळीने, म्हणजे सुमारे 31 मीटरने, दक्षिणेकडे सरकतो. शिवाय या फाइलींतले आकडे 16 बिटांचे, चिन्हासह आणि मोठा बाइट आधी या क्रमाने लिहिलेले असतात. आजचे बहुतेक संगणक उलट क्रमाने वाचत असल्याने हा क्रम विसरला, तर 1 मीटर उंचीचा आकडा 256 मीटर म्हणून वाचला जातो. मोजमाप न होऊ शकलेल्या जागी -32768 असते.

आम्ही मूळ एचजीटी फाइली पुन्हा मिळवल्या. प्रत्येकीचा आकार 3601 गुणिले 3601 गुणिले 2, म्हणजे 2,59,34,402 बाइट, बरोबर होता. सामाईक ओळी दोन्ही फाइलींत बाइटशः सारख्या होत्या. सल्लागाराच्या आस्की ग्रिडमध्ये 7201 ओळी होत्या आणि तिचे आकडे आमच्या स्वतंत्र जोडणीशी तंतोतंत जुळले. उंचीचे रूपांतर निर्दोष होते.

हे सिद्ध झाल्यावर पुढचा प्रयोग सोपा होता. संपूर्ण क्षेत्रावर एकसारखा पाऊस देऊन प्रारूप चालवले. रेषा नाहीशी झाली.

पावसाच्या फाइलीत आकडा कुठे असतो

रेषा पावसामुळे होती हे कळले, पण त्याने कोडे सुटले नाही, उलट अधिक अवघड झाले. हवामान विभागाच्या ग्रिडचे बिंदू 66.5 ते 100.0 अंश पूर्व आणि 6.5 ते 38.5 अंश उत्तर या मर्यादांत 0.25 अंशांच्या अंतराने येतात. आडवे 135, उभे 129. मुंबईचा बिंदू 19.0 उत्तर, 72.75 पूर्व हा आहे. बिंदूभोवती 0.25 अंशाचा चौकोन कल्पिला, तर त्याच्या कडा 18.875 आणि 19.125 उत्तर, 72.625 आणि 72.875 पूर्व अशा येतात. पाऊस चौकोनाच्या कडेवर बदलायला हवा होता; तो चौकोनाच्या मध्यावर बदलत होता. 19.0 ही या ग्रिडमध्ये कड नाहीच.

जीआरडी फाइलीला कोणताही हेडर, म्हणजे आरंभीची माहिती देणारी नोंद, नसतो. ती केवळ चार-चार बाइटांच्या दशांश आकड्यांची अखंड रांग आहे. पहिला आकडा 6.5 उत्तर, 66.5 पूर्व येथला, दुसरा 6.5 उत्तर, 66.75 पूर्व येथला, असे पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि मग दक्षिणेकडून उत्तरेकडे जात एक दिवस संपतो आणि दुसरा सुरू होतो. एका दिवसाचे 69,660 बाइट, साध्या वर्षाचे 2,54,25,900 आणि लीप वर्षाचे 2,54,95,560. फाइल स्वतःबद्दल काहीच सांगत नसल्यामुळे हा हिशोब हीच तिची ओळख आहे, आणि रूपांतर करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी कागदावर करावा असे मला मनापासून वाटते. 2005 च्या फाइलीत 27 जुलै हा 208 वा दिवस. त्याआधीच्या 207 दिवसांचे 1,44,19,620 बाइट वगळायचे. मुंबईच्या बिंदूच्या खाली 50 ओळी आणि त्याच ओळीत डावीकडे 25 आकडे असल्याने आणखी 6,775 आकडे, म्हणजे 27,100 बाइट वगळायचे. सुरुवातीपासून 1,44,46,720 बाइट सोडल्यावर येणारे चार बाइट म्हणजे त्या दिवसाचा मुंबईचा पाऊस.

27 जुलै का, हेही इथेच सांगायला हवे. मुंबईच्या आठवणीत 26 जुलै कोरलेला आहे, पण हवामान विभागाचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठला संपतो आणि आकडा संपण्याच्या तारखेखाली नोंदला जातो. सांताक्रूझचे 944 मिलिमीटर आणि कुलाब्याचे 73.4 मिलिमीटर हे दोन्ही आकडे 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचे आहेत.

आस्की ग्रिडमध्ये ओळींचा क्रम उलटा, उत्तरेकडून दक्षिणेकडे असतो. सल्लागाराने ओळी बरोबर उलटवल्या होत्या; मुंबईचा आकडा 79 व्या ओळीत 26 वा होता आणि मूळ चार बाइटांशी जुळत होता. सगळे आकडे बरोबर, सगळे आपापल्या क्रमाने. दोष हेडरमध्ये होता. आस्की ग्रिडच्या हेडरमध्ये नैर्ऋत्य टोकाची जागा दोन प्रकारे सांगता येते : तिथल्या चौकोनाचा कोपरा देऊन किंवा त्याचा मध्य देऊन. फाइलीत कोपऱ्यासाठीच्या एक्सएलएलकॉर्नर आणि वायएलएलकॉर्नर या नोंदींपुढे 66.5 आणि 6.5 लिहिले होते. ते बिंदूंचे, म्हणजे मध्यांचे, आकडे आहेत. कोपरा 66.375 आणि 6.375 असायला हवा. या एका फरकाने संपूर्ण भारताचा पाऊस 0.125 अंश उत्तरेला आणि तितकाच पूर्वेला सरकला होता. मुंबईच्या अक्षांशावर ते अंतर उत्तरेला सुमारे 13.8 आणि पूर्वेला सुमारे 13.2 किलोमीटर होते. सरकलेल्या ग्रिडच्या कडा 19.0 उत्तर आणि 73.0 पूर्व अशा पूर्णांकांवर येतात, म्हणजे एचजीटी फाइलींच्या सांध्यांवरच. दोन वेगळ्या गोष्टींच्या रेषा एकाच जागी पडल्यामुळे खरे कारण झाकले गेले होते.

इतका काळ दोष का दिसला नाही

या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. सल्लागाराने आपले काम तपासलेच नव्हते असे म्हणता येणार नाही. हस्तांतराच्या अहवालात सांताक्रूझ वेधशाळेच्या जागी ग्रिडमधून वाचलेला पाऊस मूळ संचाशी जुळल्याची नोंद आहे, आणि ती नोंद खरी आहे. सांताक्रूझ सुमारे 19.12 उत्तर, 72.85 पूर्व येथे आहे. योग्य ग्रिडमध्ये ते 18.875 ते 19.125 या चौकोनात येते. सरकलेल्या ग्रिडमध्ये तोच चौकोन 19.0 ते 19.25 उत्तर आणि 72.75 ते 73.0 पूर्व असा होतो, आणि सांताक्रूझ त्यातही बसते. चुकीची आणि बरोबर ग्रिड या ठिकाणी एकच उत्तर देतात. कुलाबा मात्र 18.9 उत्तर, 72.82 पूर्व येथे असल्याने सरकलेल्या ग्रिडमध्ये खालच्या चौकोनात जाऊन पडते, आणि त्याला 18.75 उत्तर, 72.75 पूर्व या बिंदूचा आकडा मिळतो. तो चौकोन मुख्यतः समुद्रावर आहे आणि त्याच्या आग्नेय कोपऱ्यात अलिबाग आहे. थोडक्यात, परळच्या उत्तरेला मुंबईचा पाऊस आणि दक्षिणेला अलिबागकडचा, अशी ती रेषा होती. 19 अंशांच्या किंचित उत्तरेला असलेल्या हिंदमाता चौकाला बरोबर आकडा मिळत होता आणि भायखळ्याला चुकीचा.

दुसरी तपासणी उलट रूपांतराची होती. आस्कीपासून पुन्हा जीआरडी बनवायची आणि मूळ फाइलीशी बाइटशः ताडून पाहायची. ही तपासणी उपयुक्त आहे, कारण तिने आकड्यांची अचूकता कळते. चार बाइटांचा दशांश आकडा मजकुरात लिहून जसाच्या तसा परत मिळवण्यासाठी नऊ सार्थ अंक लागतात, आणि दोनच दशांश स्थळे लिहिणारे रूपांतरक इथे पकडले जातात. पण जाताना मध्याला कोपरा मानले आणि येताना कोपऱ्याला मध्य मानले, तर दोन चुका एकमेकींना खोडून काढतात आणि फाइल अगदी तीच परत येते. जागेबद्दलची चूक जागेबद्दल बाहेरून मिळालेल्या साक्षीनेच उघड होते.

म्हणून रूपांतर नव्याने करणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमसाठी, म्हणजे नव्या रूपांतरकासाठी, आम्ही अशी ग्रिड बनवली जिच्यात पाऊस नसून प्रत्येक बिंदूचा स्वतःचा पत्ता आहे. एका जीआरडी फाइलीत प्रत्येक जागी त्या जागेचा अक्षांश लिहिला, दुसरीत रेखांश. दोन्हींचे रूपांतर करून, रूपांतरकाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या उघडल्या आणि ओळखीच्या ठिकाणी आकडा वाचला. कुलाब्याला 19.0 आणि 72.75 यायला हवेत. जुन्या पद्धतीने कुलाब्याला 18.75 येतो, आणि चूक क्षणात दिसते. ओळी उलटवायच्या राहिल्या असतील, आडवे-उभे अदलाबदल झाले असेल, बाइटांचा क्रम चुकला असेल, तर तेही या दोन फाइलींत लपत नाही. साक्षीची ठिकाणे मात्र विचारपूर्वक निवडावी लागतात : चौकोनाच्या चारही चतुर्थांशांत किमान एक ठिकाण हवे, म्हणजे अर्ध्या चौकोनाचे सरकणे कोणत्याही दिशेने झाले तरी एखादे तरी ठिकाण तक्रार करते.

हाच नियम पुढे आयमर्ग या उपग्रहाधारित पावसाच्या संचासाठी लावताना कुलाबा निरुपयोगी ठरले. आयमर्गचे चौकोन 0.1 अंशाचे असून त्यांच्या कडा 18.9, 19.0, 19.1 अशा येतात, आणि कुलाबा नेमके 18.9 च्या कडेवर आहे. कडेवरचे ठिकाण कोणत्या चौकोनात धरायचे हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने ठरवते. तिथे आम्ही भायखळा घेतले. या संचाची गरज पडली ती अशी की मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटर पावसाची होती आणि सुधारणेत ती ताशी 50 मिलिमीटर धरली गेली. तासाच्या मापाने बोलणाऱ्या या प्रश्नाला दिवसाचा एक आकडा उत्तर देऊ शकत नाही. आयमर्ग दर अर्ध्या तासाचा आकडा देते, पण तो मिलिमीटर प्रति तास या एककात असतो, त्यामुळे बेरीज करताना प्रत्येक आकडा निम्मा करावा लागतो. वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत असते. सकाळचे साडेआठ म्हणजे तिथले तीन वाजता, आणि सुदैवाने ती अर्ध्या तासाची सीमाच असल्याने 48 फाइली पर्जन्यदिवसाशी पूर्ण जुळतात. आयमर्ग ज्या एचडीएफ5 स्वरूपात मिळते त्या फाइलीत अक्षांचा क्रम वेळ, रेखांश, अक्षांश असा आहे. नकाशाच्या सवयीने अक्षांश आधी धरणारा रूपांतरक इथे भारत आडवा करतो. आमचा रूपांतरक अक्षांचा क्रम गृहीत धरत नाही. तो फाइलीतल्या अक्षांची नावे वाचतो आणि नावे नसतील तर काम नाकारतो.

नवा रूपांतरक काय करतो आणि काय करत नाही

काम नाकारण्याचा हा स्वभाव आम्ही मुद्दाम ठेवला. जीआरडीचा आकार 69,660 च्या पटीत नसेल, किंवा दिवसांची संख्या वर्षाशी जुळत नसेल, तर एकही आकडा लिहिला जात नाही. ग्रिड बिंदूंची आहे की चौकोनांची, हे वापरणाऱ्याने आरंभी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आस्कीत नेहमी कोपराच लिहायचा असे ठरवले, कारण मध्य देण्याची सोय स्वरूपात असली तरी तो न ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत. जिओटिफ या नकाशा-चित्राच्या स्वरूपात पिक्सेल म्हणजे क्षेत्र की बिंदू हे सांगणारी खूण असते आणि जीडीएएल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने 1.8 आवृत्तीपासून बिंदूच्या खुणेचा अर्थ लावण्याची पद्धत बदलली. तेव्हा तिथेही आम्ही क्षेत्राची खूण आणि वायव्य कोपरा 66.375 पूर्व, 38.625 उत्तर असेच लिहितो.

रूपांतरक ग्रिडचे नव्या अंतरावर पुनर्गणन करत नाही. ही मागणी गटातूनच अनेकदा झाली, कारण उंचीची ग्रिड 30 मीटरची आणि पावसाची 27 किलोमीटरची असताना दोन्ही एका मापात आणणे सोयीचे वाटते. पण मुंबईच्या किनाऱ्यावर ते फार धोक्याचे आहे. खुल्या समुद्रावरच्या बिंदूंवर पावसाऐवजी -999 असते. ती रिकामेपणाची खूण आहे हे न ओळखता शेजारच्या आकड्यांशी सरासरी काढली, तर किनाऱ्यालगत ऋण पाऊस पडतो, आणि किनाऱ्यापासून थोडे आत ऋण आकडे संपून फक्त कमी, पण खरे वाटणारे आकडे उरतात. ऋण आकडे सापडतात. ते कमी आकडे सापडत नाहीत. तापमानाच्या 1 अंशाच्या संचात ही खूण 99.9 आहे, आणि तिचा प्रश्न वेगळाच आहे : चार बाइटांत 99.9 अचूक मावत नाही, ते 99.9000015 च्या आसपास साठते, म्हणून आठ बाइटांच्या 99.9 शी थेट बरोबरी तपासली तर उत्तर नकारार्थी येते आणि खूण खरे तापमान म्हणून पुढे जाते. ही तुलना मूळ फाइलीच्याच चार बाइटांच्या मापात करावी लागते.

दुरुस्त ग्रिड दिल्यावर परळची रेषा गेली आणि 19 अंशांच्या दक्षिणेकडचे सर्व नकाशे नव्याने काढावे लागले. त्यावर एका ज्येष्ठ जलअभियंत्यांनी विचारले, की आता कुलाबा आणि सांताक्रूझ यांना एकच आकडा मिळतो, मग 944 आणि 73.4 यांतले अंतर कुठे गेले? प्रश्न अगदी योग्य होता. दोन्ही वेधशाळा एकाच चौकोनात येतात. हा संच 6,955 पर्जन्यमापकांच्या नोंदींतून, जवळच्या ठिकाणाला जास्त वजन देत, आंतरगणनाने बांधलेला आहे आणि एका चौकोनाला तो एकच आकडा देतो. रूपांतर कितीही निर्दोष झाले तरी त्या दिवशी शहराच्या दोन टोकांत जे घडले ते या ग्रिडमध्ये नाहीच, आणि ते तिच्यातून काढण्याचा प्रयत्न करणेही चुकीचे आहे. बशीसारख्या सखल हिंदमातासाठी स्थानिक स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी वापराव्यात आणि ही ग्रिड आसपासच्या विस्तृत प्रदेशापुरती ठेवावी, असे त्यानंतर ठरले.

उंचीच्या बाबतीतही एक काम समोर आहे. एसआरटीएमच्या उंची ईजीएम96 या जिओइडच्या, म्हणजे ढोबळमानाने सरासरी समुद्रपातळीच्या, प्रारूपापासून मोजलेल्या, पूर्ण मीटरांत दिलेल्या आणि इमारतींसह वरच्या पृष्ठभागाच्या असतात, तर भरतीची पातळी बंदराच्या तक्त्यात वेगळ्या शून्यापासून दिलेली असते. आस्की ग्रिडच्या हेडरमध्ये उंचीचा शून्य, एकक किंवा वेळ लिहायला जागाच नाही. यासाठी आम्ही मूळ प्रत नेटसीडीएफ या, आकड्यांसोबत त्यांचे वर्णनही साठवणाऱ्या, स्वरूपात ठेवायला सुरुवात केली आहे. तिथे सीएफ या हवामानविषयक फाइलींच्या संकेतांनुसार प्रत्येक अक्षाचे एकक, प्रत्येक चौकोनाच्या कडा, पर्जन्यदिवसाची सुरुवात आणि शेवट, आणि रिकामेपणाची खूण फाइलीतच नोंदता येते. आस्की फाइल आता प्रारूप चालवण्यापूर्वी त्या प्रतीपासून तयार होते आणि काम झाल्यावर पुसली जाते.